निखाऱ्यावर अख्खा बांगडा भाजताना

घरच्या शेगडीवर भाजायला बांगड्याइतका सोयीचा मासा नाही. अंगातच चरबी असल्यामुळे धग थोडी जास्त लागली तरी तो कोरडा पडत नाही, आणि कातडीला असा खरपूसपणा येतो की तव्यावर तो साधत नाही. बिघडतो तो बहुतेक दोनच कारणांनी: मासा ओला राहतो, किंवा निखारे फुलायच्या आधीच जाळीवर जातो. मसाल्याचा नंबर त्यानंतर.

पावसाळा सरला की बांगडा बाजारात मुबलक येतो. २०० ते २५० ग्रॅमचा घ्या. डोळा फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, पोट घट्ट हवं. पाठीवर बोट दाबलं तर खळगा राहता कामा नये. पोट फुटलेला बांगडा स्वस्त मिळाला तरी नको. तो जाळीवर उघडतो आणि आतली चरबी निखाऱ्यावर सांडते. बर्फाशिवाय ताटकळलेल्या बांगड्यात हिस्टामिन तयार होतं. त्यानं अंगावर पुरळ उठतं, चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, आणि कितीही भाजलं तरी हिस्टामिन जात नाही. म्हणून बाजारातून घरी आणतानाही मासा बर्फातच ठेवा.

डोकं आणि शेपूट ठेवायचं, पण कल्ले पूर्ण काढायचे. राहिले तर कडवट लागतात. पोटाला लहानशी चीर देऊन आतडी काढा, आतलं काळं आवरण बोटानं घासून काढा आणि पाठीच्या काट्याला चिकटलेलं रक्त चमच्याच्या टोकानं खरवडा. मासा धुऊन लगेच कापडानं टिपायचा, आतूनही. मग दोन्ही बाजूंना पाठीच्या जाड भागावर तीन तिरक्या चिरा द्या, काट्याला जेमतेम टेकतील एवढ्या खोल. पोटाकडचं मांस पातळ असतं, तिथे चीर दिली की उलटताना तुकडा पडतो.

चार बांगड्यांना २ सपाट छोटे चमचे मीठ आणि अर्धा चमचा हळद चोळून १५ मिनिटं ठेवा. सुटलेलं पाणी टिपून टाका. ही पायरी गाळू नका: कातडीवर पाणी असेल तर सगळी धग आधी ते पाणी आटवण्यात जाते, कातडी उकडल्यासारखी होते आणि जाळीला चिकटते. आता २ चमचे लाल तिखट, १ मोठा चमचा आगळ (कोकमाचा आंबट रस), बी काढून थोड्या पाण्यात ठेचलेली ४-५ तिरफळं आणि १ मोठा चमचा खोबरेल तेल कालवून वरून पातळ हात फिरवा. आंबटात मासा १५-२० मिनिटांपेक्षा जास्त ठेवला तर मांस पांढरं पडून भुसभुशीत होतं. आलं-लसणाचं वाटण बाहेरून लावू नका, ते मासा शिजायच्या आधी करपतं. पोटात आणि चिरांत भरा. गोव्याच्या रेशाद मसाल्यालाही हेच लागू, कारण त्यात बऱ्याचदा साखर असते.

कोळसा लाकडी हवा. ३० बाय ४० सेंटिमीटरच्या शेगडीला किलोभर पुरतो. पेटवायला सुक्या करवंट्या आणि नारळाच्या शेंड्या उत्तम. रॉकेल टाकलं तर माशाला वास लागतो. जाळ बसून कोळशावर राखाडी थर यायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि तेवढं थांबावंच लागतं. काळ्या कोळशाचा धूर माशाला बोचरी चव देतो. निखारे फुलले की एका बाजूला सरकवा आणि शेगडीचा एक तृतीयांश भाग मोकळा सोडा. चरबी ठिबकून जाळ उसळला की मासा त्या मोकळ्या बाजूला न्यायचा. पाणी शिंपडलं तर राख उडून माशावर बसते. जाळी निखाऱ्यांपासून १० ते १२ सेंटिमीटर वर ठेवा. तिथे हात धरून पाहा: तीन-चार सेकंद सोसवला तर धग बरोबर, सेकंदभरही सोसवला नाही तर थोडं थांबा, सहा सेकंद सहज राहिला तर कोळसा वाढवा.

रिकामी जाळी पाच मिनिटं तापू द्या, मग जेवणाच्या काट्याला टोचलेला अर्धा कांदा तेलात बुडवून तिच्यावर घासा. थंड जाळीवर कातडी हमखास चिकटते. हँडलची दुपदरी जाळी असेल तर मासा उलटणं फार सोपं होतं. शेपूट मोकळ्या बाजूकडे ठेवा, नाहीतर ती आधी जळते.

एक बाजू ४ ते ५ मिनिटं. या वेळात मासा हलवायचा नाही. कातडी खरपूस झाली की ती आपोआप सुटते. उलथनं घातल्यावर अडली तर ओढू नका, अजून अर्धा मिनिट द्या. एकदाच उलटा, तेल पुसट लावा, आणि दुसरी बाजू ४ मिनिटं. ४०० ग्रॅमच्या पापलेटाला प्रत्येक बाजूला ६ ते ८ मिनिटं लागतात, तारलीला दोन-अडीच पुरतात. डोक्यामागची चीर चमच्यानं उघडून पाहा: मांस काट्यापासून सुटलेलं आणि काट्याजवळचा गुलाबीपणा गेलेला हवा. थर्मामीटर असेल तर तिथे ६३ अंश सेल्सिअस. बाहेरून करपला आणि आत कच्चट राहिला, तर धग जास्त होती. तसाच मोकळ्या बाजूला नेऊन वर झाकण ठेवा, तीन-चार मिनिटांत आतून होईल.

मसाला भरपूरच हवा असेल तर केळीचं पान आचेवर नरम करून त्यात मासा गुंडाळा आणि प्रत्येक बाजूला ८ ते १० मिनिटं द्या. हळदीचं पान मिळालं तर त्याचा सुगंध बांगड्याला फार शोभतो. कातडी मात्र कुरकुरीत होणार नाही.

हे सगळं अंगणात किंवा गच्चीवर. घरात किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत कोळसा पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो जीवघेणा आहे. भाजून झाल्यावरही निखारे बराच वेळ धुमसतात. शेगडी बाहेरच राहू द्या, वर कोरडी वाळू टाका, आणि राख दुसऱ्या दिवशी पूर्ण गार झाल्यावरच कचऱ्यात टाका.