उन्हाळी कपडे गारव्यात वापरताय? या चुका टाळा

ऊन उतरलं, पहाटे पांघरूण ओढावंसं वाटू लागलं, की लोकांची कपाटाशी झटापट सुरू होते. कुणी एका सुट्टीत सगळे उन्हाळी कपडे गोळा करून बॅगेत कोंबतात आणि जाड स्वेटर बाहेर काढतात. कुणी “अजून थंडी कुठे आहे” म्हणत बिनबाह्यांच्या कपड्यांत संध्याकाळी कुडकुडत बसतात. पानगळीच्या दिवसांत खरा त्रास असतो तो दिवसभरातल्या फरकाचा. सकाळी १४ अंश, दुपारी २६, सूर्य कलला की पुन्हा १६, असा दिवस एकाच जाडीच्या कपड्यात निभत नाही. उन्हाळ्यातले पातळ कपडे नेमके इथेच कामाला येतात, पण ते कशाच्या आत आणि कशाच्या वर घालायचे याचा विचार कुणी करत नाही.

सुती टी-शर्टवर थेट जाड कपडा

ही चूक मी दरवर्षी पाहते आणि दरवर्षी जीव तुटतो. माझी भाची मैत्रिणींबरोबर पहाटे डोंगर चढायला निघाली होती. अंगात अर्ध्या बाह्यांचा सुती टी-शर्ट, वर आतून मऊ लव असलेला जाड हुडी. मी पातळ शर्ट पुढे केला, तर म्हणाली, “मावशी, एवढे थर कशाला? एक जाड घातलं की झालं.” चढण लागल्यावर ती घामाघूम झाली. टी-शर्ट पाठीला चिकटला, हुडी कमरेला गेला. माथ्यावर वारा लागला तशी तिने हुडी पुन्हा चढवला, पण आतला ओला टी-शर्ट तसाच राहिला. उतरताना दात वाजायला लागले. शेवटी एका मैत्रिणीने पिशवीतला कोरडा शर्ट दिला. ओला टी-शर्ट काढून तो घातल्यावर, त्याच हुडीत, थोड्या वेळात तिची हुडहुडी थांबली.

म्हणजे हुडी पुरेसा उबदार होता, घात केला तो आतल्या ओलाव्याने. कापूस घाम पिऊन घेतो आणि सावकाश वाळतो. पाणी स्थिर हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे अंगालगतचं ओलं कापड उब सतत बाहेर ओढत राहतं. लोकर मात्र स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही. पॉलिस्टर ओलावा जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे लवकर वाळतं. दिवसभर खुर्चीत बसायचं असेल तर आत सुती बंडी खुशाल घाला. चालायचं, चढायचं, सायकल मारायची असेल तर अंगालगत बारीक लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा पातळ कपडाच हवा. तो नसेल तर एक कोरडा टी-शर्ट पिशवीत टाका आणि घाम आल्यावर आळस न करता बदला.

अंगालगतच्या या कपड्यावर मी उन्हाळ्यातला लांब बाह्यांचा पातळ शर्ट घालते, बटणं उघडी ठेवून, आणि त्याच्यावर पुढून उघडणारा स्वेटर. डोक्यातून घालायचा स्वेटर या दिवसांत मी घराबाहेर नेत नाही. तो चारचौघांत काढणं इतकं अडचणीचं वाटतं की लोक घामात भिजत बसतात, पण काढत नाहीत. बटणं किंवा चेन असली की चालता चालता उघडता येतं. थरांची हीच तर सोय आहे. ती नको असेल तर थर कशाला चढवायचे?

घट्टावर घट्ट

उब साठते ती दोन कपड्यांमधल्या हवेत. अंगाबरोबर बसणाऱ्या शर्टवर तितकंच घट्ट जॅकेट चढवलं की ती हवाच उरत नाही. वरच्या कपड्याचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तिथला घेर, आतल्यापेक्षा सैल हवा. आरशापुढे उभं राहून दोन्ही हात डोक्यावर न्या. आतली बाही काखेत गोळा झाली, तर तो जोड जमणारा नाही. बाहेर पडल्यावर कळून उपयोग नसतो.

बिनबाह्यांच्या ड्रेसखाली लांब बाह्यांचा पातळ टी-शर्ट चांगला दिसतो, फक्त तो ड्रेसपेक्षा पातळ असू द्या. हवा कोरडी झाली की सिंथेटिक कापड पायाला चिकटतं, तेव्हा आत सुती स्लिप घाला. लिननची पँट फिक्या रंगाची आहे म्हणून बाजूला टाकू नका, वर लोकरीचा स्वेटर असला की ती छान शोभते. उघड्या चपला मात्र सर्वात आधी बदला. पाय गार पडले की वरचे तीन थर असूनही बरं वाटत नाही.

न धुता ठेवून देणं

“एकदाच तर घातलाय, स्वच्छच आहे,” हे वाक्य ऐकलं की मी हातातला कपडा काढून घेते. घाम आणि त्वचेचं तेल त्या दिवशी दिसत नाही. बंद बॅगेत काही महिने गेले की काखेत आणि कॉलरवर पिवळे चट्टे उमटतात. मग लोक घाईने क्लोरीनचं ब्लीच ओततात. त्याने हे पिवळेपण बहुतेक वेळा वाढतं, आणि लोकर किंवा रेशीम असेल तर धागाच खराब होतो. पांढऱ्या सुती कपड्याला ऑक्सिजनच्या ब्लीचमध्ये कोमट पाण्यात भिजत ठेवणं जास्त बरं. वेळ लागतो, पण कापड टिकतं.

लोकर आणि रेशीम खाणाऱ्या असतात पतंगाच्या अळ्या. त्यांना घामाचे आणि अन्नाचे डाग विशेष आवडतात. कसर या किड्याला खळही चालते, म्हणून खळ केलेले सुती कपडे ठेवण्याआधी साध्या पाण्यातून काढा. डांबर गोळ्या म्हणजे धुण्याला पर्याय नव्हे. मळक्या कपड्यांत चार गोळ्या टाकून निर्धास्त होणाऱ्यांचेच स्वेटर पुढच्या वर्षी भोकं घेऊन बाहेर येतात. लहान मुलांच्या कपड्यांत तर या गोळ्या अजिबात नकोत.

इस्त्री केलेला कपडा गरम असताना घडी करू नका, त्यात वाफ अडकते. दमट कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की बुरशीचे काळे ठिपके ठरलेले. ते सहसा पूर्ण जात नाहीत.

आणि सगळं एका दिवसात उरकू नका. आधी फक्त पोहण्याचे कपडे आणि आखूड चड्ड्या आत जाऊ द्या. पातळ शर्ट, स्टोल, लांब स्कर्ट खरी थंडी पडेपर्यंत हाताशी राहू द्या. पहिल्या गार वाऱ्याला नवं जॅकेट घ्यायला धावू नका. आधी घरात जे आहे ते एकावर एक घालून बघा, म्हणजे नेमका कोणता थर कमी पडतो ते कळेल. बहुतेक वेळा तो पुढून उघडणारा, मधल्या जाडीचा एखादा स्वेटरच निघतो. तो आणलात तर हँगरला लावू नका, खांदे ओघळतात. घडी घालून फळीवर ठेवा.