होमस्कूलिंग सुरू करताय? या चुका टाळा

होमस्कूलिंग, म्हणजे मुलाला शाळेऐवजी घरीच शिकवणं, फसतं तेव्हा पालक मेहनतीत कमी पडलेले असतात असं क्वचितच दिसतं. बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. महागडा अभ्यासक्रम आधी घरात येतो आणि मूल नेमकं कुठे अडलंय हे सहा महिन्यांनी कळतं. शाळेतून नाव आधी काढलं जातं, परीक्षेचा विचार दहावीचं वय आल्यावर सुरू होतो.

करोनाकाळात या वाटेला वळणारी घरं झपाट्याने वाढली. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या पाहणीत शाळकरी मुलं असलेल्या घरांपैकी होमस्कूलिंग करणारी घरं एप्रिल-मे २०२० मध्ये ५.४ टक्के होती, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ११.१ टक्के. त्याबरोबर मदत वाढली, तसे न तपासता घेतलेले निर्णयही वाढले.

कागदपत्रांआधी नाव काढणं

कायदा देशागणिक बदलतो, त्यामुळे परदेशातल्या पालकांचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे, घरशिक्षणाला जवळपास वावच नाही. फ्रान्समध्ये पूर्वी नुसतं कळवून चालायचं, २०२२ पासून परवानगी लागते. इंग्लंडमध्ये १९९६च्या शिक्षण कायद्याचं कलम ७ मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी पालकांवर टाकतं आणि ते शाळेतच व्हावं असा आग्रह धरत नाही. एकट्या अमेरिकेतही न्यूयॉर्क राज्यात वार्षिक आराखडा आणि तिमाही अहवाल द्यावे लागतात, तर टेक्सासमध्ये साधी नोंदणीही नाही. भारतात २००९चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे, पण त्यात होमस्कूलिंगसाठी वेगळी तरतूद नाही. म्हणूनच इथे स्वतःची फाइल जास्त महत्त्वाची.

मुलाला पाठवणं नुसतं बंद केलं, की हजेरीपटावर ते गैरहजर दिसत राहतं आणि पुढे दाखल्यासाठी हेलपाटे पडतात. शाळा सोडल्याचा दाखला, शेवटचं प्रगतिपुस्तक आणि जन्मदाखला हातात आल्यावरच पुढचं पाऊल टाका. वाचा-उपचार (स्पीच थेरपी) किंवा समुपदेशन शाळेमार्फत मिळत असेल, तर बाहेर तीच सेवा कोण देणार हे आधी पक्कं करा.

घरात सहा तासांची शाळा भरवणं

लक्षणं ओळखीची: तिसऱ्या आठवड्यात रडारड, पाचव्यात वेळापत्रक भिंतीवरून गायब. वर्गातला बराच वेळ हजेरी, वाट पाहणं, इतरांचं होईपर्यंत थांबणं यात जातो. एकास एक शिकवताना तो लागतच नाही. प्राथमिक वयात बसून अभ्यास दीड-दोन तास, त्यापुढे दोन-तीन तास, बोर्डाच्या परीक्षेच्या वर्षी चार-पाच. गणित १५ ते २० मिनिटांच्या दोन बैठकांत ठेवा. शाळेतून नुकतंच बाहेर पडलेलं मूल पहिले काही आठवडे पुस्तकाकडे ढुंकूनही बघत नाही. हे अपेक्षित आहे. त्या काळात मोठ्याने वाचून दाखवणं आणि हाताने करायची कामं पुरेशी आहेत.

अडचण न शोधता पुस्तक बदलणं

सगळ्यात जास्त वर्षं इथे वाया जातात. मुलाचं उत्तर चुकलं की अभ्यासक्रम बदलला जातो, खरं तर चूक वाचायला हवी. उदाहरणार्थ, ३०४ − १७८. बरोबर उत्तर १२६. मुलाने २७४ लिहिलं असेल, तर ते प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय: ८ मधून ४, ७ मधून ०, ३ मधून १. त्याला हातच्याचा अर्थच पोचलेला नाही. १३६ लिहिलं असेल, तर दोष वेगळा आहे. शतक सुटं करून दहा दशक आले, त्यातला एक एककांना दिला, पण उरलेले नऊ मांडायचे राहिले. पहिल्या मुलाला काड्यांचे गठ्ठे सोडवून पुन्हा सुरुवात हवी. दुसऱ्याला मध्ये शून्य असलेली रोज पाच उदाहरणं, प्रत्येक पायरी लिहून, एवढंच पुरतं. दोघांनाही नवं पुस्तक नको आहे.

अपूर्णांकात अडलेल्या मुलाचे पाढे तपासा, शाब्दिक उदाहरणात अडलेल्याचं वाचन. ‘सातवीचं मूल म्हणजे सातवीचं पुस्तक’ हा हट्ट सोडा. गणित पाचवीचं आणि भाषा आठवीची चालली तरी काही बिघडत नाही. संपूर्ण संच घेण्याआधी नमुना पाठ करून बघा. खान अकॅडमी या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळाचं साहित्य मोफत आहे, सुरुवातीच्या चाचपणीला ते चांगलं.

मदतीचा चुकीचा गट

होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांसाठी ब्रिटनमध्ये ‘एज्युकेशन अदरवाइज’ १९७७ पासून, अमेरिकेत ‘एचएसएलडीए’ (होम स्कूल लीगल डिफेन्स असोसिएशन) १९८३ पासून काम करते. भारतात ‘स्वशिक्षण’ हे पालकांचं जाळं आहे. कायदा आणि कागदपत्रांसाठी अशा संस्थांकडे जा. रोजच्या शिकवण्यासाठी मात्र जवळची तीन-चार घरं जास्त उपयोगी. वीस घरांचा उत्साही गट सहसा वेळा जुळवण्यातच दमतो. एक विषय, ठरलेला वार, सहा ते आठ आठवडे, आणि कोण काय शिकवणार हे आधी लिहून ठेवलेलं, एवढ्यावर सुरू करा. घरातही सगळं एकाच पालकाच्या अंगावर पडू देऊ नका. निदान एक विषय पूर्णपणे दुसऱ्याचा असावा.

नोंदी आणि परीक्षा शेवटावर ढकलणं

आठवड्यातून १५ मिनिटं काढून प्रत्येक विषयाचा एक तारीख घातलेला नमुना फाइलला लावा, वाचलेल्या पुस्तकांची यादी पुढे न्या. मूल पुन्हा शाळेत जायचं ठरलं तर हीच फाइल कामी येते. यात फक्त सुबक पानं नकोत, खाडाखोड असलेलीही ठेवा. प्रगती त्यांतच दिसते.

बोर्ड बाराव्या-तेराव्या वर्षीच ठरवा. भारतात राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजेच एनआयओएसच्या, माध्यमिक परीक्षेला किमान वय १४ आणि किमान पाच विषय लागतात. प्रवेश पाच वर्षं टिकतो, परीक्षा वर्षातून दोनदा होते. इथे हमखास राहून जातं ते दोन ठिकाणी: मुदतीत द्यायचे स्वाध्याय आणि विज्ञानाची प्रात्यक्षिकं. केंब्रिजसारख्या आंतरराष्ट्रीय बोर्डाला खासगी परीक्षार्थी म्हणून बसायचं असेल, तर विषय निवडण्याआधी परीक्षा केंद्राला विचारा. प्रात्यक्षिकाऐवजी लेखी पेपरचा पर्याय त्या विषयाला आहे का, आणि ते केंद्र बाहेरचे विद्यार्थी घेतं का.

तोंडी भराभर उत्तरं देणारं मूल पेपर अर्धवट सोडून येतं, कारण सलग तीन तास लिहायची हाताला सवय नसते. परीक्षेच्या तीन महिने आधीपासून आठवड्याला एक जुना पेपर घड्याळ लावून, पेनाने, पूर्ण लिहून घ्या.