निकेल–डायथिलडायथायोकार्बामेट: निर्मिती आणि रचनानिश्चिती

गंधकयुक्त लिगँडशी (धातूच्या अणूला जोडल्या जाणाऱ्या रेणूशी किंवा आयनाशी) निकेलचा संयोग कसा होतो हे शिकण्यासाठी निकेल–डायथिलडायथायोकार्बामेट या संयुगाइतके सोयीचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल, कारण ते हवेत टिकते आणि पाण्यातच तयार होते. निकेलचे क्षार कर्करोगकारक असून त्यांच्यामुळे त्वचेला ॲलर्जीही होते. म्हणून हातमोजे घालून फ्यूम हूडमध्येच (विषारी वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात) काम करावे आणि निकेलयुक्त द्रव वेगळा साठवावा.

निकेल क्लोराइड हेक्झाहायड्रेट २.३८ ग्रॅम (१० मिलिमोल) पाण्यात विरघळवावे. सोडियम डायथिलडायथायोकार्बामेट ट्रायहायड्रेट ४.५१ ग्रॅम (२० मिलिमोल) थंड पाण्यात वेगळे विरघळवून, गढूळपणा दिसल्यास गाळून, ते निकेलच्या द्रावणात ढवळत हळूहळू घालावे. हिरवा साका लगेच बसतो. येथे आम्ल कटाक्षाने टाळावे, कारण त्यामुळे लिगँडचे विघटन होऊन कार्बन डायसल्फाइड आणि अमाइन तयार होतात. साका गाळून, भरपूर पाण्याने व शेवटी थोड्या इथेनॉलने धुऊन डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) वाळवावा. सैद्धांतिक उत्पादन ३.५५ ग्रॅम आहे. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून त्यावर इथेनॉलचा थर हलकेच सोडला आणि भांडे न हलवता ठेवले, तर गडद हिरवे स्फटिक मिळतात.

रचनेची तपासणी मूलद्रव्य विश्लेषणापासून सुरू करावी, कार्बन ३३.८, हायड्रोजन ५.७ आणि नायट्रोजन ७.९ टक्क्यांच्या जवळ यायला हवेत. अवरक्त वर्णपटात १५०० प्रति सेंटिमीटरच्या थोडी वर दिसणारी तीव्र पट्टी कार्बन–नायट्रोजन बंधाचे अंशतः द्विबंधी स्वरूप दाखवते, तर १००० च्या आसपासची न दुभंगलेली एकच पट्टी दोन्ही गंधक अणू निकेलला जोडले गेल्याचे सुचवते. 'सुचवते' हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण तेथे इतर पट्ट्याही येतात.

माझ्या मते खरी कसोटी प्रोटॉन एनएमआरची, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजन अणुकेंद्रांचे संकेत नोंदवणाऱ्या वर्णपटाची, आहे. चौरस प्रतलीय (चार गंधक एकाच प्रतलात चौकोनाच्या कोपऱ्यांवर असलेले) निकेल(२) प्रतिचुंबकीय, म्हणजे सर्व इलेक्ट्रॉन जोडीत असलेले, असल्यामुळे मिथिलचा त्रिक (तीन रेषांचा गट) सुमारे १.२ पीपीएमला आणि मिथिलीनचा चतुष्क (चार रेषांचा गट) सुमारे ३.६ पीपीएमला रेखीव दिसतो. रेषा पसरट आल्या, तर अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेली निकेलची अशुद्धी उरली आहे असे समजून नमुना पुन्हा धुवावा व पुन्हा स्फटिकीकरण करावे. हे होईपर्यंत क्ष-किरण यंत्राचा वेळ खर्चू नये.

एकस्फटिक क्ष-किरण विवर्तनात निकेल–गंधक अंतर सुमारे २.२० अँगस्ट्रॉम आणि एकाच लिगँडमधील दोन गंधकांचा निकेलपाशी होणारा कोन सुमारे ७९ अंश मिळतो. निकेल सममिती-केंद्रावर (ज्याच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर सारखेच अणू असतात अशा बिंदूवर) बसत असल्याने समोरासमोरच्या गंधकांमधील १८० अंशांचा कोन सममितीनेच ठरलेला असतो. म्हणून अहवालात त्याच्यापुढे प्रमाण त्रुटी लिहू नये.