एडिटिंग सॉफ्टवेअर एकच की चार? या चुका टाळा

एडिट करताना व्हिडिओ अडकत चालला की लगेच दुसरं सॉफ्टवेअर डाउनलोड करायचं, ही सर्रास दिसणारी चूक. मोबाइलवर शूट केलेली फाइल बऱ्याचदा एच.२६५ मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या एका पद्धतीत असते. त्यात बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात. शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच नोंदलेलं असतं. टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीने मांडतो त्या पट्टीवर, एका जागी थांबायचं तरी कॉम्प्युटरला आजूबाजूच्या कितीतरी फ्रेम उलगडाव्या लागतात. प्रीमिअर हे एडिटिंग सॉफ्टवेअर सोडून रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर गेलात तरी फाइल तीच आणि मशीनही तेच. आहे त्याच सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी बनवा, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी फाइल. एक्सपोर्ट मूळ फाइलमधूनच होतो.

आवाज पुढे-मागे सरकण्याचंही तसंच. सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळलेले असतात, दहाव्या मिनिटाला आवाज मागे पडतो. खूपदा कारण एवढंच असतं, की मोबाइलने फ्रेम रेट, म्हणजे दर सेकंदाच्या फ्रेमची संख्या, स्थिर ठेवलेला नसतो. हँडब्रेक या फाइल बदलून देणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवडून फाइल बदलून घ्या आणि मग कामाला लागा.

मला मनापासून वाटतं, आधी एकाच सॉफ्टवेअरवर हात बसू द्या. ट्यूटोरियल बघून चार सॉफ्टवेअर थोडी थोडी शिकलात, तर एक ना धड भाराभर चिंध्या. हात बसला हे कसं कळेल? पाच मिनिटांची मुलाखत घ्या. रेंगाळलेले श्वास आणि अडखळणं काढा, पुढच्या दृश्याचा आवाज आधीच्या दृश्यावर थोडा अलीकडे ओढा. हे सगळं कीबोर्डकडे न बघता जमलं आणि डोक्यात ‘बटण कुठलं’ऐवजी ‘हा क्षण किती ठेवू’ हा विचार चालू असला, तर तुम्ही तयार आहात. कोणतं सॉफ्टवेअर, याची फार चिंता करू नका. मॅक नसेल तर ॲपलचं फायनल कट बाद. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती शिकायला भरपूर आहे.

पण एकालाच चिकटून राहणं हेही चूकच. २०११ मध्ये फायनल कट प्रो एक्स आलं तेव्हा त्यात आधीच्या आवृत्तीचे प्रोजेक्ट उघडत नव्हते. अनेक व्यावसायिक एडिटरांना दुसरीकडे वळावं लागलं. ज्याला कट नेमका इथेच का, हे कळतं, त्याला अशा वेळी फक्त बटणं नव्याने शिकावी लागतात.

म्हणून दुसरं शिका, पण नेमक्या कामासाठी: रंगांसाठी रिझॉल्व्ह, हलत्या ग्राफिक्ससाठी आफ्टर इफेक्ट्स, मोठ्या टीमसोबत काम करायचं असेल तर ॲव्हिड.

आणि अर्ध्यावर आलेला प्रोजेक्ट कधीही हलवू नका. एक्सएमएलमधून, म्हणजे एका सॉफ्टवेअरची मांडणी दुसऱ्यात नेणाऱ्या फाइलमधून, कट नीट जातात. टायटल, प्लगइन (बाहेरून जोडलेली साधनं), इफेक्ट बऱ्याचदा वाटेतच गळतात. आधी कट पक्का करा. सोबत त्याचा एक एक्सपोर्ट केलेला व्हिडिओही न्या, म्हणजे काय गळलं ते पडताळता येईल.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या सवयी गृहीत धरल्या तर मोठा फटका बसतो. प्रीमिअरचा प्रोजेक्ट म्हणजे फोल्डरमधली एक फाइल. रिझॉल्व्ह मात्र प्रोजेक्ट स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. फुटेजचं फोल्डर जपून ठेवलं आणि कॉम्प्युटर फॉरमॅट केला, तर फुटेज राहतं, पण कित्येक रात्री बसून केलेले कट जातात. रोज काम संपलं की प्रोजेक्ट एक्सपोर्ट करून वेगळ्या डिस्कवर ठेवा. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्टचा फ्रेम रेटही पहिली क्लिप आत घेण्याआधीच ठरवा. नंतर ती सेटिंग बंद होते.

शॉर्टकटचा गोंधळ त्यामानाने किरकोळ. प्रीमिअरमध्ये कापायला ‘सी’, रिझॉल्व्हमध्ये ‘बी’. पण रिझॉल्व्हच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये प्रीमिअरची मांडणी तयारच मिळते, आणि व्हिडिओ मागे, थांब, पुढे करणारी जे-के-एल ही बटणं दोन्हीकडे सारखीच चालतात.

सरावासाठी नवं शूट करू नका. तुमचाच एखादा पूर्ण झालेला व्हिडिओ नव्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून बांधा. निर्णय आधीच घेतलेले असतात, त्यामुळे कुठे अडलात ते लगेच दिसतं आणि तेवढंच शोधून शिकता येतं.