फूड लायसन्सचा अर्ज सारखा परत येतोय? माझा अनुभव

खाद्यपदार्थांच्या दुकानाच्या लायसन्सचा अर्ज तीनदा परत आला, शेरा दरवेळी एकच, 'जागेचा तपशील जुळत नाही'. आधी स्कॅन अस्पष्ट असेल म्हणून नवीन टाकले, मग एजंट धरला, त्याने तीच कागदं पुन्हा भरली. डोकं पार आउट झालं होतं.

शेवटी जे चाललं ते क्रमाने सांगतो. आधी भाडेकरार काढून बघितला, त्यात जागेचा वापर 'गोदाम' आणि अर्जात 'किरकोळ विक्री', मग मालकाकडून करार दुरुस्त करून घेतला, जागेच्या वापराची परवानगीही बदलून घेतली, सगळ्यात जास्त वेळ यालाच गेला. मग अर्जातला प्रकार बदलला, कारण मी फक्त पॅकबंद माल निवडलेला पण आत गरम करूनही देणार होतो. त्यानंतर नकाशा नव्याने, मापांसकट: हात धुवायचं बेसिन भांड्यांच्या सिंकपासून वेगळं (मी एकच दाखवलेलं, गाढवपणा), कच्चा माल एका बाजूने आत, तयार माल दुसरीकडे, फ्रिज ५ अंश सेल्सिअस किंवा खाली, गरम काउंटर ६० च्या वर. शेवटी नाव-पत्ता सगळ्या कागदांवर अक्षर न् अक्षर सारखा केला, एकीकडे 'शॉप नं.' आणि दुसरीकडे 'गाळा क्र.' एवढा फरकसुद्धा नको. मग अर्ज टाकला, तपासणीवाल्यांनी फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवून बघितला आणि लायसन्स आलं.

आणि हो, नकाशा मंजूर व्हायच्या आधी प्लंबिंग करू नका, माझं दोनदा झालं.