अलाइनर नीट बसत नाही? या चुका टाळा

अलाइनर म्हणजे दात सरळ करणारे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे; ते ठरावीक दिवसांनी एकामागून एक बदलायचे असतात. नवा ट्रे घातला की आधी आरशात दातांच्या कडा बघा. दाताची कड आणि प्लास्टिक यांच्यामध्ये पहिले एक-दोन दिवस केसाएवढी फट दिसली तर काळजीचं कारण नाही. एक ट्रे दाताला जेमतेम पाव मिलिमीटर सरकवतो, आणि ते काम अजून व्हायचं असतं. पण ट्रे बदलायचा दिवस उजाडला तरी फट तशीच असेल, तर तो दात मागे पडलाय. बहुधा हा दात समोरच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचा असतो. तो लहान, त्यामुळे प्लास्टिकला पकड कमी मिळते.

इथेच सगळ्यात महाग चूक होते: तारीख आली म्हणून पुढचा ट्रे चढवणं. आधीचं सरकणं पुरं झालंय असं धरूनच प्रत्येक ट्रे बनतो. त्यामुळे फट दर ट्रेला वाढत जाते आणि शेवटी नव्याने स्कॅन करून ट्रे बनवावे लागतात. बदलायच्या दिवशीही फट दिसली तर डॉक्टरांना फोटो पाठवा. बहुतेकदा तोच ट्रे आणखी काही दिवस घालायला सांगतात. सोबत च्यूई, म्हणजे चावायची ती मऊ नळकांडी, नेमकी त्या दाताखाली ठेवून काही सेकंद दाबून धरा, सोडा, पुन्हा दाबा. असं पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा.

फट पडण्याचं मूळ बहुतेक वेळा तासांत असतं. रोज २० ते २२ तास ट्रे तोंडात हवा. तीन वेळचं जेवण आणि ब्रश यातच दोन तास संपतात. त्यावर चहासाठी चार वेळा अर्धा-अर्धा तास काढलात की जेमतेम २० तास उरतात; त्याहून जरा जास्त झालं की हिशेब बिघडला. आणि चहा ट्रे घालूनच प्यायचा, हा उपाय नव्हे: प्लास्टिकवर डाग पडतात, साखर आत अडकून दात किडतात, गरम चहाने ट्रेचा आकारही बदलू शकतो. ट्रे धुतानाही गरम पाणी नको. टूथपेस्टने बारीक ओरखडे पडतात; साधं पाणी, मऊ ब्रश पुरे.

समोरून ओढून ट्रे काढू नका, चिरतो. मागच्या दाढेच्या आतल्या बाजूने नखाने सैल करा, मग दुसरी बाजू, शेवटी पुढचा भाग. ट्रेला पकड मिळावी म्हणून दातावर चिकटवलेला कंपोझिटचा (दाताच्या रंगाच्या भरावाचा) उंचवटा निघाला तर डॉक्टरांना कळवा. घरचा गोंद अजिबात नको. जिभेला टोचणारी कड नखं घासायच्या पट्टीने अगदी किंचित घासा, पण हिरडीकडची कड कापू नका.

नवा ट्रे रात्री झोपताना घाला, म्हणजे पहिला ताण झोपेत जातो. दुखणं सहसा दोन-तीन दिवसांत उतरतं.

ट्रे हरवतो तो बहुधा जेवताना टिश्यूत गुंडाळल्यामुळे. डबी जवळ ठेवा आणि आधीचा ट्रे टाकू नका. चालू ट्रे हरवल्यास आधीचा लगेच घाला. पुढचा घ्यायचा की हरवलेला नव्याने करायचा, ते डॉक्टर ठरवतील. शेवटचा ट्रेसुद्धा रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारं साधन, हातात येईपर्यंत घालत राहा, कारण सरकवलेले दात मागे फिरायला काही दिवसांतच लागतात.