स्पॅनिशच्या 'जर-तर'मध्ये या चुका टाळा

राजारामपुरीत मी संध्याकाळी स्पॅनिशच्या शिकवण्या घेतो. 'इम्परफेक्ट सब्जंक्टिव्ह', म्हणजे 'जर असं असतं' किंवा 'असं करावं' अशा वाक्यांत येणारं क्रियापदाचं रूप, आलं की हुशार पोरंही अडखळतात. नियमित क्रियापदं असली तरी. बहुतेक चुकांचं मूळ आपल्या मराठीतच असतं, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

'मी कोल्हापुरात राहत असतो तर रोज मिसळ खाल्ली असती.' बघा, दोन्हीकडे 'असतो-असती'. हाच साचा पोरं उचलतात आणि लिहितात, 'सि बिबिरीआ एन कोल्हापूर, कोमेरीआ मिसळ.' 'सि' म्हणजे जर, आणि त्याच्या मागोमाग '-रीआ' येत नाही. बरोबर वाक्य: 'सि बिबिएरा एन कोल्हापूर, कोमेरीआ मिसळ तोदोस लोस दीआस.' जरच्या बाजूला '-रा', तरच्या बाजूला '-रीआ'. उत्तर स्पेनच्या काही भागांत लोक 'सि'नंतरही '-रीआ' बोलतात, पण प्रमाण भाषेत आणि परीक्षेत ती चूकच.

आता रूप कसं बनवायचं? इथली चूक मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती सुरुवातीला चूक वाटतच नाही. 'आब्लार' म्हणजे बोलणे, त्याला 'आ' जोडला की 'आब्लारा' होतं, आणि ते बरोबर असतं! मग 'कोमेर'चं 'कोमेरा' आणि 'बिबिर'चं 'बिबिरा' करायचा मोह होतो. गेल्या आठवड्यात एका मुलीने फळ्यावर 'कोमेरा' लिहिलं आणि पूर्ण खात्रीने माझ्याकडे पाहिलं. तिचं तर्कशास्त्र ठीक होतं, पाया चुकला होता. पाया मूळ क्रियापद नाही, साध्या भूतकाळातलं 'ते'चं (अनेकवचनी) रूप आहे: आब्लारोन, कोमिएरोन, बिबिएरोन. शेवटचं 'रोन' काढा आणि रा, रास, रा, रामोस, राइस, रान जोडा. कोमिएरा, कोमिएरास, कोमिएरा, कोमिएरामोस, कोमिएराइस, कोमिएरान. याच रूपाला '-से'चा दुसरा पर्यायही आहे (कोमिएसे); तो ओळखता आला तरी पुरे, बोलताना '-रा'च वापरा.

उच्चारातही जपा. 'आब्लारा'त जोर 'ब्ला'वर असेल तर हे आपलं रूप. शेवटच्या 'रा'वर गेला तर 'तो बोलेल' असा भविष्यकाळ होतो. 'आम्ही'च्या रूपात 'आब्लारामोस'मधल्या 'ब्ला'वर आघातचिन्ह लिहावंच लागतं, आणि नेमकं तेच विसरतं.

राहिला आपला लाडका 'की'. 'आई म्हणाली की मला फोन कर.' मराठीत आईचे शब्द जसेच्या तसे येतात, म्हणून पोरं 'के'नंतर (म्हणजे 'की'नंतर) थेट आज्ञार्थ ठेवतात: 'मी मादरे मे दिखो के यामामे.' स्पॅनिशला ते चालत नाही. 'मी मादरे मे दिखो के ला यामारा', म्हणजे 'मी तिला फोन करावा, असं आई म्हणाली'. मराठीत आधी 'करावा' असं वाक्य बनवून बघा. ते जमलं की स्पॅनिशमध्ये तिथे '-रा' बसतं. त्या मुलीने त्याच दिवशी आईला मेसेज करण्याआधी वहीत हे वाक्य लिहिलं, आणि 'यामारा' अचूक होतं.